अण्णांच्या पलंगावरची बाग

मानवी इतिहासात प्रथमच संगणक पडद्याबाहेर पडून घरात वावरू लागला, आणि त्याच दिवशी अंथरुणाला खिळलेले अण्णा घरातून नाहीसे झाले. यंत्रांची परीक्षणं लिहिणाऱ्या त्यांच्या मुलाने, निरंजनने, हा नवा संगणक-चष्मा चढवला की त्याला पलंगाच्या जागी बाग दिसे आणि हाकांऐवजी पाखरं ऐकू येत.

“निरू, घोटभर पाणी दे रे!”

“वा! काय गोड बुलबुल आहे,” निरंजन म्हणाला.

दोन तासांनी बॅटरी संपली. निरंजनने पाणी पाजलं आणि परीक्षण वाचून दाखवलं: ‘युग बदलणारं यंत्र. दोष एकच, बॅटरी.’

“तेवढं बॅटरीचं खोडून टाक रे,” अण्णा काकुळतीने म्हणाले.

“अण्णा, वाचकांशी खोटं बोलायचं नसतं.”

कंपनीने दखल घेतली. नव्या चष्म्याची बॅटरी तीन दिवस चालते.