चष्मा दुरुस्तीला गेला तेव्हा

ऋजुताचा चष्मा फरशीवर पडून फुटला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला घरमालकीण हेमलताकाकूंच्या हातांकडे नीट बघावं लागलं.

एरवी गरजच पडत नसे. काकूंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पण त्यांनी हातांनी खुणा केल्या, की समोरच्याच्या चष्म्यावर मराठी अक्षरं उमटायची. समोरचा बोलला, की काकूंच्या चष्म्यावर. नातवंडंसुद्धा आजीकडे बघून अक्षरंच वाचायची. काकूंचा खुणांच्या भाषेचा वर्ग या चष्म्यांमुळेच तर बंद पडला होता.

"काकू, दुकानदार म्हणतो शुक्रवारी मिळेल. तोवर मला तुमची भाषा शिकवा ना," ऋजुता म्हणाली.

काकूंनी हातातला चहा तसाच बाजूला ठेवला. तिची बोटं धरून एकेक वळवून दाखवली. पाणी. चहा. भूक. ऋजुता चुकायची, स्वतःलाच हसायची, आणि काकू पुन्हा तिची बोटं हातात घ्यायच्या. काका गेल्यापासून त्यांच्या हातात असा कुणाचा हात आला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी ऋजुता उड्या मारतच घरात शिरली. "काकू, उद्या चष्मा मिळतोय! 'उद्या' कसं म्हणायचं हो?"

काकूंनी दाखवलं. ऋजुताने पहिल्याच फटक्यात अगदी बिनचूक खूण केली.

काकू क्षणभर तिच्या हाताकडे बघत राहिल्या. मग चुकलं म्हणून त्यांनी मान हलवली, आणि तिची बोटं पुन्हा हातात घेतली.