पानाची मागची बाजू

आजोबांच्या गळ्याभोवती जुनी चादर होती आणि डाव्या कानाशी आजीची कात्री. ही कात्री गेली एकेचाळीस वर्षं पडदे, उशांचे अभ्रे आणि आजोबांचे केस एकाच मापानं कापत आली होती. चादरीतला माणूस एके काळी सरकारी टंकलेखक होता म्हणे. गल्लीला मात्र तो डोक्यावरूनच ठाऊक. लांबून पाहिलं तर वाटे, कुणीतरी झाडू उलटा धरून चाललाय.

"हलू नका," आजी म्हणाली. "मागच्या खेपेला हललात आणि महिनाभर टोपी घालून फिरलात."

समोरच्या टेबलावर नात लॅपटॉप उघडून बसली होती. ज्या वर्षांत नदीच्या दोन काठांवर शहराचे दोन तुकडे झाले होते, पुलावर फाटक होतं आणि परवान्याशिवाय अलीकडचं मांजरसुद्धा पलीकडे जात नव्हतं, त्या वर्षांचा ती अभ्यास करत होती. त्या काळच्या गुप्त खात्याची दप्तरं सरकारनं यंदा स्कॅन करून सगळ्यांना खुली केली, आणि मुंगीला साखरेचं पोतं सापडावं तसं तिचं झालं होतं.

"ऐका आजोबा, माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातला खलनायक." ती वाचू लागली. "'सूत्र क्रमांक सात कळवतो, की पुलाजवळचा न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला लावलेल्या फेसात बोटानं खुणा काढून पलीकडचे निरोप पोहोचवतो. डाव्या गालावर खूण म्हणजे होय, उजव्या गालावर म्हणजे नाही.'"

आजीला हसू आवरेना. "फेसात? मेल्याला दुसरी जागा सुचली नाही?"

आजोबा हसले नाहीत. चादरीखाली त्यांनी दोन्ही गुडघे घट्ट धरले.

"हसतेस काय आजी! ही बातमी बुधवारची. त्याच आठवड्यात न्हाव्याचं दुकान बंद. पुढे त्याचं काय झालं, कुठल्याच कागदात नाही. हा सात नंबर मला भेटला ना, तर विचारणार आहे, बाबा रे, तुला रात्री झोप लागते का?"

"नाही लागत," आजोबा म्हणाले.

कात्री थांबली.

"आमच्या खात्यातल्या साहेबांना रोज चार वाजेपर्यंत तीन बातम्या लागायच्या," आजोबा समोरच्या भिंतीला सांगू लागले. "कोरा कागद वर पाठवायची सोय नव्हती. खबरे बिचारे दोनच आणायचे. तिसरी मी मनानंच टाइप करायचो. एक ते सहा खरी माणसं होती. सात म्हणजे मी. रविवारी त्याच्याकडे दाढी केली होती, बुधवारी चार वाजत आले आणि तोच आठवला. पुढच्या रविवारी गेलो, तर दाराला कुलूप. त्यानंतर कुठल्याच न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं नाही."

आजीनं थोडा वेळ हिशेब जुळवला. "म्हणजे 'तुझ्या हाताची सर कुणाला नाही' असं म्हणायचात, ते..."

"तेही खरंच होतं," आजोबा घाईघाईनं म्हणाले. कात्री अजून कानाशीच होती.

खलनायक चादर पांघरून नातीसमोर बसला होता, आणि लहानपणी त्यानंच तिला सायकल शिकवली होती.

"त्या कागदावर साहेबांनी काय लिहिलं?" आजीनं विचारलं.

"ते खाली कधी कळलंच नाही. साहेब पानाच्या मागे शेरा मारायचे आणि कागद थेट कपाटात."

"मागच्या बाजूही स्कॅन केल्यात," नात सावकाश म्हणाली. "मी सगळ्या उघडल्या नाहीत. पहिल्या पन्नासेक पाहिल्या, कोऱ्याच निघाल्या, म्हणून सोडून दिल्या."

"नको," आजोबा म्हणाले.

"उघड गं!" आजी कडाडली. "काय असेल ते असेल. यांचे केस कापत अजून किती वर्षं बसू मी?"

नातीनं पान उलटवलं. हिरव्या शाईतलं तिरपं अक्षर होतं. वाचताना तिचा आवाज आधी घसरला, मग चढत गेला.

"'सदर न्हावी सोमवारीच बायको, आरसे व खुर्ची यांसह लेकीकडे पलीकडे राहावयास गेला. परवाना मीच दिला. जाण्यापूर्वी माझी दाढी करून गेला. फेसात काही आढळले नाही. कारवाई नको. टंकलेखकास काम कमी दिसते.'"

"पुन्हा वाच," आजोबा म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.

"खुर्चीसकट?"

"खुर्चीसकट, आजोबा."

चादर हलू लागली. आजोबा हसत होते की रडत होते ते कळेना. मांडीवरचे कापलेले केस तेवढे जमिनीवर सांडत राहिले.

"माझं तिसरं प्रकरण गेलं की हो," नात डोळे पुसत म्हणाली.

"दुसरं लिही," आजी म्हणाली. "आणि आधी पानं उलटायला शीक. बसा हो तुम्ही, उजवी बाजू राहिलीय."

पण आजोबा उठलेच. चादर गळ्यात तशीच.

"जा, जा," आजीनं कात्री टेबलाच्या खणात टाकून दिली. "सुटले मी. दर महिन्याला तुमचा कान दिसला की मी देवाचं नाव घ्यायची."

कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं त्या डोक्याभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"आजोबा, अर्धंच कापलंय. असं मध्येच कुणी सोडलं?"

"सरकारी काम होतं, एकेचाळीस वर्षं रखडलं," आजोबा खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले. "दाढीही कर. आणि फेस दोन्ही गालांना सारखा लाव."