वरवंटा

साताऱ्याचं घर विकून सुहासने आईला कायमचं ॲरिझोनाला आणलं, ते चौऱ्याऐंशी साली. घरात प्रत्येक कामाला यंत्र होतं. "आईला इथे काडी उचलावी लागत नाही," असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. आणि एका वीकेंडला तो तिला दगड उचलायला घेऊन गेला. वाळवंटात हिंडून रंगीत दगड जमवायचे, हा त्याचा नवा छंद होता.

दिवसभर उन्हात फिरून सुहासला काही मिळालं नाही. इंदुमतीबाईंना मात्र एका झुडपाखाली चक्क वरवंटा सापडला.

"एका अंगाने कसा झिजलाय बघ. कुणीतरी जन्मभर वाटण वाटलंय याने." त्यांनी तो पदराने पुसला. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "उद्या चटणी मी करणार."

गाडीपाशी रेंजर उभा होता. रंगीत दगड नेले तर त्याची हरकत नव्हती, पण वरवंटा त्याने नम्रपणे काढून घेतला.

"आई, पूर्वी इथे राहणाऱ्या लोकांची वस्तू आहे ती," सुहासने समजावलं. "जागची हलवायची नाही, असा कायदा आहे."

"आणि ती माणसं कुठायत?"

सुहासने रेंजरला विचारलं. "त्यांना केव्हाच इथून हलवलं म्हणे. दुसरीकडे नेऊन ठेवलं."

इंदुमतीबाईंनी रिकामा हात पदराला पुसला.



"मुलाकडे का?"