झिपरा ड्रमवाला

"हरेल त्यानं बायकोचं लुगडं नेसून चाळीच्या चौकात ट्विस्ट करायचा!" तात्या म्हसकरांनी शेजारच्या दिगूच्या हातावर टाळी दिली. गणपतीत ताशा बडवणारा दिगू म्हणे सिनेमातल्या बँडमध्ये ड्रम वाजवतो!

आता अख्खी चाळ थेटरात बसली होती आणि दिगूला घाम फुटला होता. पडद्यावर बँडची चार पोरं मोटारीमागे धावत होती, पब्लिक खिदळत होतं. पण चौघांच्याही डोक्यावर नाकापर्यंत झिपऱ्यांचे टोप! दिगूला स्वतःचंच तोंड सापडेना.

"यातला तू कुठला रे?" तात्यांनी चिमटा काढला. "वहिनींना सांग, लुगडं धुऊन ठेवा."

दिगूच्या बायकोनं मान खाली घातली.

शेवटचं गाणं लागलं. झिपऱ्या ड्रमवाल्यानं काठ्या उचलल्या, मग थबकला. वाकून ड्रमला हात लावला आणि कपाळाला टेकवला.

"अगंबाई, आमचे हे!" बायको उभी राहून ओरडली. "ताशाला करतात तस्साच नमस्कार!"

रविवारी तात्या हिरवं लुगडं सावरत चौकात उभे राहिले. गॅलऱ्या गच्च भरल्या होत्या.

"वाजव की लवकर, लेका!"

दिगूनं रॉकेलचा डबा मांडीवर घेतला आणि आधी त्याला वाकून नमस्कार केला.