भुंटीच्या पिसवा

“आज तीन निघाल्या,” धनमाया म्हणाली आणि नखावर नख दाबून तिने तिसरी पिसू चिरडली. “सांग तिला. कालच्यापेक्षा कमी आहेत.”

बहादूरने मोबाईल खिशात टाकला आणि तो सड्याच्या वाटेला लागला. बागेत रेंज नव्हती. नेपाळला फोन लावायचा तर वर सड्याच्या उघड्या कातळावरच जावं लागे. आमच्याकडे बागा राखणाऱ्या सगळ्याच नेपाळ्यांना बहादूर म्हणतात. याचं खरं नावही बहादूरच निघालं, म्हणून निदान याच्यावर तरी अन्याय झाला नव्हता.

बागेची मालकीण सानिका खोपटीसमोरच्या दगडावर बसून होती. धनमायाच्या मांडीवर आडवी पडलेली भुंटी डोळे मिटून सगळं सोसत होती. कडुलिंबाचा पाला झाला, करंजेल झालं, तरी धनमाया रोज संध्याकाळी तिचा केस न् केस उलटा करून बघायचीच.

त्याला कारणही होतं. नवरा-बायको आंब्याच्या हंगामाला गणपतीपुळ्याजवळच्या या बागेत यायची, तेव्हा त्यांची मुलगी सिर्जना तिकडे आजीजवळ राहायची. यंदा दिवाळीत बागेतल्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यांतल्या एका केसाळ पिल्लाचा फोटो बघून सिर्जनाने तिकडूनच त्याचं नाव भुंटी ठेवलं आणि हट्ट धरला, येताना हिला घेऊन या. आजीने अट घातली, माझ्या घरात एक पिसू दिसली तर कुत्रं बाहेर. तेव्हापासून हे चाललं होतं. शिमग्यात धनमाया पाली गावच्या बागेत राखणीला असलेल्या भावाकडे जाऊन आली, त्यानंतर तर एक संध्याकाळ चुकली नाही.

बहादूर सड्यावरून उतरला. दोघं आपसात नेपाळीत बोलायची, पण इतक्या हंगामांत सानिकाला ते कळू लागलं होतं.

“कानामागे बघितलंस का, विचारते,” तो म्हणाला. “पिसवा तिथेच लपतात म्हणे.”

“आगाऊ आहे,” धनमाया हसली. “आणखी काय म्हणाली?”

“दात पडला पुढचा. शाळेत सगळे हसले, म्हणून आज तोंड उघडलं नाही म्हणते.”

सानिका उठली आणि घराकडे चालू लागली. पुढचं तिच्याने ऐकवलं नसतं.

सिर्जना शिमग्यातच गेली होती. ताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. धनमाया पालीला होती तेव्हाच बहादूरला सड्यावर फोन आला. तो सानिकाच्या पडवीत येऊन डोकं धरून बसला. पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलेलं असणार, म्हणाला. परमुलखात बायकोला सांगू कसं? ऊर फुटून मरेल ती. घरी नेऊनच सांगेन.

“बरोबर आहे त्याचं,” सानिकाचा नवरा दीपक म्हणाला होता.

आंबा काढायला आला होता आणि माणसं मिळत नव्हती, हेही त्यात होतंच. ते दीपक बोलला नाही आणि सानिकानेही विचारलं नाही. याची तिला लाज वाटायची. त्यातून धनमायाचे गुडघे दुखू लागले होते, सड्याची चढण होत नाही म्हणून तिने फोनला जाणं सोडलं होतं. ते बहादूरच्या पथ्यावरच पडलं. तो एकटाच वर जायचा आणि उतरल्यावर सिर्जनाचं म्हणून मनचंच काहीतरी सांगायचा.

“आईपासून लेकराचं मरण लपवून ठेवायचं? माझ्या जिवाला काय बरं वाटत नाय गो,” सासूबाई, येसूबाई, एकदा म्हणाल्या. सानिकालाही बरं वाटत नव्हतं. पण बागेत सांगायला म्हणून गेली की दुसरंच काहीतरी बोलून परत यायची.

मे सरत आला, आंबा संपला. नेपाळ्यांची बस ठरली. बसवाला कुत्रीला न्यायलाही तयार झाला.

निघायच्या दिवशी दीपक आणि बहादूर बोचकी घेऊन रस्त्यावर गेले. सानिका खोपटीत आली. आज सांगायचंच, असं ठरवून आली होती. कुत्री काखोटीला मारून ही बाई पोर नसलेल्या घरात शिरणार, हे तिला बघवत नव्हतं.

धनमाया भुंटीच्या कानामागे बघत होती.

“धनमाया, हिला इथेच ठेव,” सानिका म्हणाली. “मी सांभाळीन.”

“नको वैनी. न्यायला लागेल.”

“ऐक माझं. तिथे गेल्यावर…” सानिकाने भुंटीच्या पाठीवर हात ठेवला. “सिर्जना…”

“हळू बोला, वैनी,” धनमायाने रस्त्याकडे बघितलं. “हिला नेली नाही, तर ह्यांना कळेल.”

“काय कळेल?”

“मला ठाऊक आहे ते. पालीला होते ना, भावालाही तोच फोन आला. मी समोरच बसले होते.”

सानिकाला आठवलं, धनमाया बागेत परतली त्या संध्याकाळी तिने पिसवा काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही काढल्या. मग रोजच.

“अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. बहादूरची हाक आली. धनमायाने पदराने तोंड पुसलं आणि कुत्रीला उचललं.

“मला कळलंय म्हटलं असतं, तर हे सड्यावर गेले नसते, वैनी. त्या दिवसापासून पोरीचं बोलणं बंद झालं असतं. गाडी पोचेपर्यंत तरी बोलू दे तिला.”