फेलेतीच्या नावाचं रक्त

नर्सबाईंनी नवऱ्याचंही रक्त मागितलंय, असं लोसाने जेवताना सांगितलं, तेव्हा फेलेतीचा हात उकडलेल्या तारोच्या कंदांच्या ताटलीवरच थांबला.

तो ऑस्ट्रेलियातून परतला त्याच सुमाराला लोसाला दिवस गेले होते. आता गरोदरपणाच्या तपासणीत तिच्या रक्तात सिफिलिस निघाला. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. देवाने मला शिक्षा केली, एवढंच ती म्हणत होती. ती दूध उतू गेलं तरी देवाचं नाव घेणारी, म्हणून फेलेतीने ते मनावर घेतलं नाही.

त्याला दुसरीच धास्ती होती. तिकडे सफरचंदं तोडायला गेला असताना पगाराच्या रात्री मित्रांबरोबर तो एका बाईकडे गेला होता, आणि एकदाच नव्हे. हे फुटलं असतं तर सासऱ्यांनी लोसाला उचलून माहेरी नेलं असतं, आणि चर्चच्या पाळकांनी तिकडच्या पुढच्या हंगामासाठी शिफारस केली नसती. टोंगातल्या वावाऊसारख्या बेटावर असली गोष्ट भरती लागायच्या आत सगळ्यांना कळते.

मग त्याला पेनी आठवला.

पेनी त्याचा मामेभाऊ. फेलेती परदेशी असला की तोच घर राखायचा, नारळ खोवून द्यायचा, लोसाला चर्चला पोचवायचा. लग्न केलेलं नाही, बेट सोडून कधी कुठे गेलेला नाही. अख्ख्या गावात कुणाच्या रक्ताची हमी द्यायची, तर याच्या.

शिवाय मामाच्या पोराने आतेभावाला नाही म्हणायचं नसतं, ही टोंगाची रीत. फेलेतीने ती लहानपणापासून पुरेपूर वसूल केली होती. पेनीचं डुक्कर नेलं, होडी नेली, त्याचा नवा सदरा घालून स्वतः बोहल्यावर उभा राहिला. पेनीने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

तो किनाऱ्यावर जाळं नीट करत बसला होता. फेलेतीने त्याला सगळं सांगितलं, त्या बाईसकट.

"माझ्या नावाने जा आणि रक्त देऊन ये," तो म्हणाला. "नर्स राजधानीतून नवीन आलीये. ती आपल्याला कुणालाच ओळखत नाही."

"म्हणजे लोसाला खरंच आजार आहे?"

"आहे. माझाच असणार. पण तो माझ्या नावावर नको."

"आणि मग लोसाचं काय?"

"माझं रक्त चांगलं निघालं, की लोक तिलाच विचारतील ना, कुठून आणलंस म्हणून. मी गुपचूप राजधानीत जाऊन सुई टोचून घेईन."

पेनी बराच वेळ एकच गाठ सोडवत राहिला. मग जन्मात पहिल्यांदा तो म्हणाला, "दादा, एवढं एक नको मागूस."

"सुईला घाबरतोस होय रे?" फेलेती हसला. "तुझ्या आत्याचा मुलगा मागतोय."

पेनी गेला आणि रक्त देऊन आला. फोन नंबर फेलेतीचाच दिला होता.

निकाल यायचा त्या दिवशी फेलेतीने सासऱ्यांना बोलावलं, पाळकांना बोलावलं, स्वतःच्या आईला बसवलं. आठवडाभर तो बायकोशी अवाक्षर बोलला नव्हता, आपली चटईही बाहेर टाकली होती. निर्लज्जपणालाही काही हद्द असते, पण याला ती नव्हती. फोनवर काय येतं ते सगळ्यांनी कानांनी ऐकावं, मग कोण कसं ते ठरवावं, असं तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला. पेनी पाहुण्यांसाठी कावा, मुळ्या कुटून करतात ते पेय, ढवळत होता. लोसा कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती.

फोन वाजला. फेलेतीने आवाज मोठा केला.

"फेलेती ना? एकटे आहात का? बोलणं खासगी आहे," नर्सबाईंनी विचारलं.

"हो सिस्टर, एकटाच आहे. बोला."

"तुमच्याही रक्तात तोच आजार आहे. आता बायकोला बोल लावत बसू नका. सोमवारी दोघं मिळून या, इंजेक्शनने बरं होतं. वेळेवर आलात तर बाळही वाचेल."

सासऱ्यांनी करवंटीतला कावा न पिताच खाली ठेवला. फेलेतीच्या आईने पदराने तोंड झाकावं तसा हात तोंडावर धरला. खोलीतली सगळी माणसं फेलेतीकडे बघत होती. फेलेती पेनीकडे बघत होता, आणि पेनी लोसाच्या पोटाकडे.