पाद्रीबाबांच्या पानातला होला

मिसिसिपीकाठच्या त्या गावात होल्यांची, म्हणजे रानकबुतरांची, शिकार झाली की पहिलं पान पाद्रीबाबांचं. दुसऱ्या दिवशी चर्चचा वर्धापनदिन, बाबा तिथल्या रीतीप्रमाणे गळा मोकळा सोडून प्रवचन गाणार. म्हणून शिकारी एझेलनं यंदा शिशाच्या छर्र्यांची काडतुसं नकोच म्हटलं.

"शिसं म्हणजे हळूहळू भिनणारं विष. बाबांच्या पोटात कणभरही जायला नको," त्यानं दुकानदाराला बजावलं.

"मग बिस्मथ धातूचे छर्रे ने, मऊ असतात. हे टंगस्टनचे शिशाहून जड खरे, पण दगडासारखे कडक."

"बाबांच्या पानासाठी मऊबिऊ कशाला? सगळ्यांत भारी तेच काढ!"

संध्याकाळी एझेलच्या बायकोनं होले खरपूस तळले. बाबांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले, पहिला घास चावला आणि कडकन आवाज झाला. हातरुमालात आधी छर्रा पडला, त्यामागोमाग समोरचा अर्धा दात. छर्र्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

एझेल धावत बाबांपाशी आला. "बाबा, देवाशपथ, विष नव्हतं हो त्यात!"

ओठ दाबून धरत बाबा फुसफुसले,

"लेका, विषानं निदान उद्याचं प्रवचन तरी गाऊ दिलं असतं!"